चारही चाकं फिरतात, तरी गाडी का चढत नाही?

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. देवरुखकडे जाणारा डांबरी रस्ता सोडला की वाडीपर्यंत साधारण एक किलोमीटर मातीची वाट आहे. आधी उतार, मग पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, अरुंद साकव (छोटा पूल), आणि साकव ओलांडला की अंगावर येणारी चढण. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधे ट्रॅक्टर आणि टेम्पोंनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. मे महिन्यात या वाटेने कुठलीही मोटार हळूहळू वर जाते. जुलैत त्याच तांबड्या मातीवर माणसालाही पाय रोवून उभं राहता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी काकूला न्यायला गेले. खुब्याचं ऑपरेशन होऊन तिला दीड महिना झाला होता आणि रत्नागिरीला तपासणीची तारीख होती. ती पडली त्या दिवशी तिला खुर्चीत बसवून वाडीतल्या चौघांनी उचलून डांबरीपर्यंत नेलं होतं, भर पावसात, त्याच चढणीवरून खाली. एका वळणावर खुर्ची कलली तेव्हा ती ओरडली नाही, नुसते डोळे मिटून घेतले, असं काका सांगतात. मी तेव्हा पुण्यात होते. ते ऐकल्यापासून माझ्या मनात एकच होतं: यापुढे गाडी घरासमोरच्या खळ्यापर्यंत गेली पाहिजे.

आणि गाडी जाईल याची मला खात्री होती, कारण माझी गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी होती. साध्या मॉडेलपेक्षा बरेच पैसे जास्त मोजून, गावच्या रस्त्याचा विचार करूनच मी ती घेतली होती. ऑटोमॅटिक गिअर, बर्फ-वाळू-चिखल अशी चित्रं असलेलं गोल बटण, आणि शेजारी 'लॉक'.

साकव ओलांडला, बटण 'लॉक'वर केलं आणि पाय एकसारखा ठेवून चढायला लागले. पहिला टप्पा गाडी बिनतक्रार गेली. दुसऱ्या वळणावर पाण्याने वाट तिरकी कापली आहे. तिथे पुढचं डावं चाक चाकोरीत उतरलं, त्याच वेळी मागचं उजवं उचललं गेलं आणि गाडी थांबली. पाय दाबला की ती दोन चाकं गरगर फिरायची आणि जमिनीला घट्ट टेकलेली दुसरी दोन नुसती उभी. खालून ब्रेकचा कट-कट-कट आवाज, समोर पिवळा दिवा लुकलुकतोय. मागे, पुढे, मागे, पुढे असं मी तीन-चार मिनिटं करत राहिले. मग लायनर जळल्यासारखा वास आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ऑल-व्हील-ड्राइव्ह तापली आहे, तात्पुरती बंद. आता माझ्याकडे फक्त पुढची दोन चाकं होती, आणि त्यांतलं एक चिखलात बुडालेलं.

वरून वाडीतले तात्या खाली आले. तात्यांनी आयुष्यभर वडाप, म्हणजे प्रवासी जीप, चालवलं. आता त्यांच्या खळ्यात तीस वर्षांहून जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप उभी असते, लाकडं आणि चिरे आणायला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून चाकांच्या खुणा पाहिल्या.

"बाय, हे बघ," ते म्हणाले. "इथपर्यंत टायरची नक्षी उमटलीय. इथून पुढं नुसती खरवड. नक्षी गेली तिथंच गाडी फसली, त्याच्यानंतर तू फक्त खड्डा खणलास."

मग ते जीप घेऊन आले. उलटी, मागच्या बाजूने, डोंगरउतारावरून चालत्या माणसाच्या वेगाने खाली. ब्रेकवर पायच नव्हता. इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं. माझ्या टूलकिटमधला टोचनचा हुक बंपरच्या भोकात आटे बसेपर्यंत त्यांनी स्वतः फिरवला, दोरखंड बांधला, सगळ्यांना दोराच्या रेषेपासून लांब उभं केलं. "झटका नाय द्यायचा. हा हुक झटक्याचा नाय." दोन दांड्या हलवल्या, पहिला गिअर टाकला आणि क्लच पूर्ण सोडून दिला. ॲक्सिलरेटरला जवळजवळ पायच लावला नाही म्हणा ना. जीपचं जुनं प्युजो डिझेल इंजिन साठेक हॉर्सपॉवरचं, माझ्या इंजिनापेक्षा कागदावर कितीतरी कमी. दोर ताणला गेला, जीप एक क्षण दबली आणि एकेक वीत करत माझी दीड टनाची गाडी वर ओढत घेऊन गेली. चाकं कुठेच सुटून फिरली नाहीत.

काकू त्या दिवशी रत्नागिरीला तात्यांच्या जीपमधूनच डांबरीपर्यंत उतरली. मी मात्र परतीच्या सबंध प्रवासात एकच विचार करत होते. चारही चाकांना ताकद जाते म्हणून मी गाडी घेतली. तात्यांच्या जीपमध्येही चारही चाकांनाच ताकद जाते. मग फरक नेमका कुठे आहे?

पुढचे आठ-नऊ महिने मी हे समजून घेण्यात घालवले. पुस्तकी माहिती पुष्कळ मिळते, पण माझी गाठ सुटली ती एका गॅरेजमध्ये. पुण्यात कात्रजच्या बाजूला एक मेस्त्री फोर-बाय-फोरचीच कामं करतात. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि खालून टॉर्च मारून दाखवलं. माझी गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालणारी. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याला चिकटून. तिथून एक बारीक शाफ्ट मागे येतो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी, नारळाएवढ्या एका डब्यात शिरतो. त्या डब्यात तेलात बुडालेल्या चकत्यांचा क्लच असतो. पुढची चाकं घसरली असं सेन्सरला कळलं की कॉम्प्युटर त्या चकत्या एकमेकींवर दाबतो आणि ताकद मागे जाते. 'लॉक' म्हणजे काय, तर त्या चकत्या शक्य तितक्या दाबून ठेवायच्या. लोखंडात लोखंड अडकवणं नव्हे. भार फार झाला की चकत्या घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की डबा वाचवण्यासाठी कॉम्प्युटर त्या मोकळ्या सोडतो. माझ्या पडद्यावर जे उमटलं ते हेच होतं. यंत्र बिघडलं नव्हतं, ते स्वतःला वाचवत होतं.

शेजारीच मारुतीची एक जुनी जिप्सी उभी होती. तिच्या खाली गेलो. गिअरबॉक्सच्या मागे ओतीव लोखंडाचं दुसरं एक धूड: ट्रान्सफर केस. त्यातून एक शाफ्ट पुढे, एक मागे. दांडी फोर-व्हीलमध्ये टाकली की आत दातेरी कडं सरकतं आणि पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांत अडकतात. मधे क्लच नाही, डिफरन्शियल नाही, सेन्सर नाही. पुढचा शाफ्ट जितके फेरे घेईल तितकेच मागचा घेणार, मग जमीन कशीही असो. आणि त्याच धुडात आणखी एक गिअरची जोडी असते, लोची. ती लावली की प्रत्येक गिअर दोन-अडीच पट ताकदवान होतो आणि तितकाच संथ.

मेस्त्री एवढंच म्हणाले, "ताई, चारी चाकं फिरतात का ते विचारू नका. पुढच्या आणि मागच्याच्या मधे काय आहे ते विचारा. आणि लो आहे का ते विचारा."

मी नंतर जे काही शिकले ते या दोन प्रश्नांपलीकडे फारसं गेलं नाही.

मग साहजिक प्रश्न येतो की इतका पक्का सांधा सगळ्याच गाड्यांना का देत नाहीत. याचं उत्तर मला मेस्त्रींच्याच सिमेंटच्या अंगणात मिळालं. जिप्सी फोर-व्हीलमध्ये टाकून त्यांनी मला स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरायला सांगितलं. अर्ध्या फेरीतच गाडी आखडली. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडत, धक्के देत चालली, टायर सिमेंटवर चिरकले. वळणावर पुढची चाकं मोठा घेर घेतात, मागची छोटा. मधला सांधा दोघांना सारखे फेरे घ्यायला लावतो, तेव्हा कोणाला तरी घसरावंच लागतं. माती, चिखल, वाळू असेल तर टायर अलगद घसरतो आणि काही बिघडत नाही. डांबरावर टायर सहज घसरत नाही, मग तो ताण शाफ्ट, जॉइंट आणि गिअरच्या दातांवर येतो. म्हणून अशी गाडी डांबरावर टू-व्हीलमध्येच चालवायची असते. ऑल-व्हील-ड्राइव्हमधल्या चकत्या थोड्या घसरू शकतात, आणि म्हणूनच ती गाडी डांबरावर दिवसभर चारही चाकांवर चालू शकते. ज्या गुणामुळे ती घाटात सुरक्षित, तोच गुण चढणीवरच्या चाकोरीत कमजोरी होतो.

या दोहोंच्या मधला मार्गही जुना आहे. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरला मधे डिफरन्शियल होतं, ते कुलूप लावल्यासारखं लॉक करता येत होतं आणि खाली लो गिअरही होता. रशियातली लाडा निवा १९७७ ची, तिच्यातही हीच व्यवस्था, आणि तिला तर शिडीसारखी चासीही नव्हती, म्हणजे ती मोनोकॉक होती, सांगाडा आणि बॉडी एकच. त्यामुळे 'चासीवरची ती खरी, मोनोकॉक ती खोटी' असं जे आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं ते मला पटत नाही.

त्यानंतर माझ्याच गाडीची रोलरवर परीक्षा घेतली. लोखंडी चौकटीत मोकळे फिरणारे रोलर असतात, त्यावर चाक ठेवलं की त्याला पकडच मिळत नाही. पुढची दोन्ही चाकं रोलरवर, मागची जमिनीवर: गाडी क्षणभर अडखळली आणि सरळ बाहेर आली. मला फार बरं वाटलं. मग कर्णातली दोन, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं. हीच माझी वाडीतली स्थिती. इथे मधल्या सांध्याचा प्रश्नच उरत नाही, कारण प्रत्येक ॲक्सलवर एक चाक मोकळं आहे, आणि साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. मोकळ्या चाकाला फिरायला जितका कमी जोर लागतो, तितकाच कमी दुसऱ्याला मिळतो. पकड असलेलं चाक म्हणूनच ढिम्म उभं असतं. माझ्या गाडीत यातून सुटका एकच: फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने धरायचं, म्हणजे जोर पलीकडे जातो. कॉम्प्युटर ते करतो, तोच कट-कट आवाज. पण त्यासाठी पाय दाबून ठेवावा लागतो, आणि मी प्रत्येक वेळी घाबरून पाय काढत होते. मेस्त्री म्हणाले, पाच सेकंद मोजा, पाय हलवू नका. चौथ्या सेकंदाला गाडी हलली.

सपाटीवर हलली. समोर लाकडी फळ्यांचा उतार टाकून तेच केलं तेव्हा हलली नाही. ब्रेकशी भांडून उरलेली ताकद चढायला पुरत नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मलाही ती आधी माहीत नव्हती. कर्णातली दोन चाकं सुटली तर साधी फोर-बाय-फोरही अडकते. पुढचा-मागचा शाफ्ट जखडलेला असला तरी डावं-उजवं मोकळंच असतं. तात्यांची जीप त्या जागी अडकली नाही, कारण तात्या त्या चाकोरीत उतरलेच नाहीत. त्यांनी एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं गडग्याच्या कडेच्या गवतावर ठेवलं होतं. पाटे-स्प्रिंगची गाडी, तिची चाकं फार खाली लोंबत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. मी माझ्या गाडीच्या बटणावर विसंबून नाक सरळ खड्ड्यात घातलं होतं.

पुढची पायरी म्हणून मावळातल्या एका ऑफ-रोड ट्रॅकवर दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. पहिल्या दिवशी आपली गाडी, दुसऱ्या दिवशी त्यांची फोर-बाय-फोर, अडथळे तेच. पहिल्या सकाळी सरांनी कोणालाही गाडीत बसू दिलं नाही. सगळा मार्ग पायी चालायला लावला. कुठे दगड, कुठे पाणी, चाक कुठे ठेवायचं, अडकलो तर मागे कसं यायचं. चढणीवर अर्ध्यातून उलटं यायची वेळ आली तर रिव्हर्स गिअरमध्ये सरळ खाली, स्टिअरिंग अजिबात तिरकं नाही, कारण आडवी झालेली गाडी लोळते. हे त्यांनी इतक्या वेळा म्हणून घेतलं की अजून कानात आहे.

माझ्या गाडीने पहिल्या दिवशी खूप काही केलं. गुडघाभर खोल नसलेला ओढा, खडीचा चढ, ओलं गवत, कमरेएवढ्या मातीच्या लाटा. टायरमधली हवा ३३ वरून २२ पीएसआयवर आणली तेव्हा तर वेगळीच गाडी चालवतोय असं वाटलं. हवा कमी केली की टायर रुंदीत फारसा नाही, लांबीत पसरतो, आणि दगडावर उसळण्याऐवजी त्याला धरून चालतो. गावच्या चढणीवर हे एवढं जरी माहीत असतं तरी गाडी अडकली त्याच्या थोडी पुढे गेली असती. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरायची, त्यासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप लागतो.

अडलं ते दोन ठिकाणी. एक, बांधासारखा उंचवटा. पुढची चाकं पलीकडे गेली आणि पोट बांधावर टेकलं. चेंबर घासल्याचा तो आवाज पोटात गोळा आणतो. माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटरच्या वर, कागदावर कुठल्याही जीपच्या जवळपास. पण क्लिअरन्स ही फक्त उंची. दोन चाकांमधलं अंतर जास्त, पुढचा बंपर लांब आणि खाली, तर ती उंची बांधावर उपयोगी पडत नाही. त्यासाठी कोन पाहावे लागतात: नाक किती उंच चढावावर लागणार नाही, पोट किती टोकदार उंचवट्यावर टेकणार नाही, शेपूट कुठे घासणार नाही. मारुतीच्या पाच दारांच्या जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिलिमीटर, म्हणजे अनेक शहरी एसयूव्हींइतकाच, पण नाकाचा कोन ३६ अंश आणि पोटाचा २४. जाहिरातीत क्लिअरन्स मोठ्या अक्षरात असतो. हे कोन माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर शोधावे लागतात, आणि कित्येक गाड्यांचे तिथेही नसतात.

दुसरं ठिकाण म्हणजे दगडांची चढण. ती वेगाने चढायची नसते, दगडावर दगड ठेवल्यासारखं एकेक चाक ठेवत जायचं असतं. माझ्या गाडीचा पहिला गिअर त्या कामाला फार वेगवान. हळू गेले तर ताकद पुरेना, ताकद दिली तर गाडी उसळे आणि दगडावर आपटे. दोन प्रयत्नांनंतर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान वाढल्याचा इशारा आला आणि सरांनी हात वर करून थांबवलं.

दुसऱ्या दिवशी तीच चढण त्यांच्या गाडीतून. गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून लोची दांडी ओढली. खालून टक्क असा घट्ट आवाज आला. पहिला गिअर, क्लच सोडला, आणि सर म्हणाले, "आता दोन्ही पाय मागे घ्या." मी घेतले. गाडी आपली आपण चढू लागली. पुढचं चाक दगडाला टेकलं, इंजिनाचा आवाज जरा खाली गेला, गाडी दबली आणि दगडावर चढली. मला विचार करायला वेळ मिळत होता. चाक कुठे आहे, पुढे कुठे जाणार, स्टिअरिंग किती, हे सगळं शांतपणे ठरवता येत होतं. उतरतानाही तेच, पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा. लो गिअर ताकद देतो हे मी वाचलं होतं. तो सवड देतो हे तिथे कळलं. माझ्या गाडीत मला वेगाच्या भरवशावर अडथळा पार करावा लागत होता, आणि वेगात चूक झाली की तिची किंमतही मोठी.

म्हणून मी असं म्हणणार नाही की ऑल-व्हील-ड्राइव्हचे पैसे वाया गेले. कुंभार्ली घाटात धो-धो पावसात, वळणावर चिखल वाहून आलेला असताना त्या गाडीने मला ज्या विश्वासाने वर आणलं, तसं टू-व्हीलमध्ये चालणारी पार्ट-टाइम गाडी (जिला फोर-व्हीलमध्ये गरजेपुरतंच टाकायचं असतं) करू शकत नाही. ती अशा वेळी मागच्या चाकांची साधी गाडी असते आणि मागून सुटू शकते. ज्यांचा वाईट रस्ता म्हणजे खडी, ओलं डांबर, शेताकडची सपाट पाणंद, हिमाचलातला पातळ बर्फ, त्यांनी ऑल-व्हील-ड्राइव्हच घ्यावी असं मी मनापासून सांगते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा म्हणजे झालं. एकच नवा टायर टाकला तर घेर बदलतो आणि त्या मधल्या चकत्या सरळ रस्त्यावरही घासत राहतात. रेनोच्या डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह २०१४ साली आपल्याकडे आली तेव्हा तिला लो नव्हता, पण पहिला गिअर मुद्दाम खूप आखूड दिला होता. ती वापरणारे आजही तिच्याबद्दल प्रेमाने बोलतात ते उगाच नाही.

पण माझा रस्ता तो नव्हता. माझा रस्ता म्हणजे साकवानंतरची तीनशे मीटरची चढण, आणि वर वाट पाहणारी काकू. तिला महिन्यातून एकदा तरी खाली आणावं लागणार होतं, पावसाळ्यातसुद्धा. तात्या सत्तरीचे झाले. दर वेळी त्यांच्यावर भिस्त ठेवणं बरोबर नव्हतं.

गाडी विकली. मन जड झालं होतं, सहा वर्षांची सोबत होती. सेकंडहँड शोधताना थार आणि जिम्नी या दोन्हींवर बराच विचार केला. तीन दारांच्या थारचा क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटरपर्यंत, आणि दोन चाकांतलं अंतर २४५० मिलिमीटर, त्यामुळे पोट टेकायची भीती कमी. डोंगरासाठी उत्तम. पण टेप घेऊन मी साकवाची रुंदी मोजली, मग वरच्या वळणावर गडग्यांमधली जागा मोजली, आणि थारची रुंदी १८२० मिलिमीटर. जिम्नीची १६४५. एक वीत जागा मिळत होती. त्या एक विताने निर्णय झाला. शिवाय मागे बसायला वेगळी दारं होती, काकांना पुढची सीट पाडून मागे चढावं लागलं नसतं.

मेस्त्रींनी सोबत येऊन गाडी पाहिली. ओल्या मातीच्या मैदानावर नेऊन लो टाकला, पुढे-मागे केली, कान देऊन ऐकलं. दोन्ही डिफरन्शियलच्या तेलाचे बोल्ट सैल करून बोटावर थेंब घेतला. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय असं समजायचं. हे तेल स्वच्छ होतं. टायर मात्र हायवेचे होते, ते बदलून खडबडीत नक्षीचे ऑल-टेरेन घातले. नवीन टायरचा खर्च धरूनच सेकंडहँडचा हिशोब करावा, असं माझं मत झालं आहे, कारण गुळगुळीत टायरवर कुठलाही लो गिअर चिखलात चालत नाही. टायरची नक्षी मातीने भरली की ती सपाट चकतीच.

हायवेला आता मला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. मी ऐंशीच्या पुढे फारशी जात नाही आणि चिपळूणला चहाला थांबते.

गेल्या जुलैत, संततधार लागलेली असताना, गाडी घेऊन साकवाशी थांबले. आधी छत्री घेऊन वर चालत गेले, तात्यांसारखं. चाकोरी पूर्वीपेक्षा खोल झाली होती. डाव्या बाजूला गडग्यालगत गवताचा पट्टा होता, तिथे एक चाक ठेवायचं ठरवलं. परत येऊन हवा २० पीएसआयवर आणली. न्यूट्रल, दांडी मागे, टक्क. पहिला गिअर.

गाडी चढली. वेग दाखवणारा काटा जवळजवळ हललाच नाही. दुसऱ्या वळणावर मागचं चाक थोडं उचललं, ब्रेकचा तो ओळखीचा आवाज दोनदा आला, मी पाय तसाच ठेवला, आणि गाडी पुढे गेली. खळ्यात थांबले तेव्हा काका ओट्यावर उभे होते.

काकूला बसवायला वेळ लागला. सीट उंच आहे, पण खुबा बदललेल्या माणसाला खोल सीटपेक्षा उंच सीट सोपी जाते असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पायाखाली पाट ठेवला, ती आधी पाठमोरी टेकली, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. उतार सुरू झाला तशी तिने दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली. मी ब्रेकवरचा पाय काढून घेतला. लोमध्ये गाडी आपली आपण, एकसारखी, खाली सरकत होती. खुर्ची कलली होती त्या वळणाशी आल्यावर तिने बाहेर पाहिलं.

"चालू आहे ना गं गाडी?" तिने विचारलं. "इतकी हळू?"

"चालू आहे, काकू."

तिने एक हात कडीवरून काढला आणि मांडीवर ठेवला.

संध्याकाळी तिला परत सोडून मी चढणीवर चालत आले. तात्या आधीच तिथे उभे होते, टॉर्च घेऊन. प्रकाश जमिनीवर धरून ते साकवापासून वरपर्यंत चालत गेले, मी त्यांच्या मागे. गवताच्या पट्ट्यावर, उंचवट्यावर, तिरक्या कापलेल्या जागीसुद्धा टायरची नक्षी एकेक ठोकळा मोजता येईल इतकी स्वच्छ उमटली होती. फक्त दुसऱ्या वळणावर हातभर खरवड होती. तिथे ते थांबले, वाकले, बोटाने ती जागा दाखवली.

"इथं चाक अजून चार बोटं आत घे," म्हणाले.